कुलूपबंद खोल्यांतले उंदीर

गोव्यातल्या वाळवंटी नदीच्या काठावरच्या एका छोट्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांची अडचण थोडक्यात सांगते. घर सासरचं, शंभरेक वर्षांचं, चिऱ्यांच्या भिंती, मंगळूरी कौलं, मधे राजांगण, म्हणजे आतला उघडा चौक. निम्म्या घरात त्या, त्यांचे पती, शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई राहतात. उरलेलं निम्मं चुलत दिरांचं. ते मुंबईला असतात, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला चार दिवस येतात आणि कुलूप लावून परत जातात. दोन वर्षांपासून घरात उंदरांनी हैदोस घातला आहे. माळ्यावरची वायर कुरतडल्यामुळे एकदा ठिणग्या उडाल्या. उन्हाळ्यात विषाच्या वड्या टाकल्या, तर लाकडी छतात उंदीर मरून आठ दिवस घास गिळवेना, आणि त्याच आठवड्यात शेजाऱ्यांचं मांजर मेलं. तेव्हापासून शेजाऱ्यांशी बोलणं बंद आहे. यंदा पावसात वस्तीतल्या एका तरुणाला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) झाला आणि ताईंना मुलाच्या काळजीने झोप लागेनाशी झाली. पती म्हणतात, कौलं उतरवून स्लॅब घालूया. सासूबाई म्हणतात, चवथ तोंडावर असताना गणपतीच्या वाहनाला मारायचं नाही. ताई विचारतात, "नदीकाठचं जुनं घर म्हटलं की उंदीर असणारच, असं सगळे म्हणतात. मग आम्ही मारायचं, सोसायचं, की घरच पाडायचं?"

प्रिय ताई,

माझं माहेर म्हादईच्या काठचं. घर तुमच्यासारखंच, फक्त लहान. रात्री समई शांत केली की आई वाती काढून पितळी डब्यात ठेवायची आणि झाकण घट्ट लावायची. लहानपणी मला वाटायचं, हा देवघराचा काही नियम असेल. पुष्कळ उशिरा कळलं की तेलात भिजलेली वात उंदीर पळवतात, आणि एखादी पेटती वात माळ्यावर पोचली तर वासे, रिपा, सगळं घर जातं. उंदीर त्या घरातही होते. पण आई त्यांच्या मागे काठी घेऊन कधी धावली नाही. त्यांना काय मिळतं आणि ते कुठून येतात, इकडे तिचं लक्ष असायचं. तुमचं पत्र वाचताना पहिल्यांदा तो डबाच डोळ्यांसमोर आला.

"नदीकाठी उंदीर असणारच" हे अर्धं खरं आहे. नदीच्या दरडीत, गटाराच्या कडेला, शेताच्या बांधात बिळं करून राहतात त्या घुशी. पाणी चढलं की त्यांची बिळं बुडतात आणि त्या उंचवटा शोधत निघतात. हा उंचवटा म्हणजे बहुतेक वेळा आपल्या घराचं जोतं. 2021 च्या जुलैतला पूर तुम्ही पाहिलाच असेल. तशा दिवसांत घुशी न्हाणीच्या मोरीतून, जोत्याच्या फटीतून आत येतात. पण तुमचा त्रास वरचा आहे. माळ्यावरची वायर, छतातली धावपळ, रात्री कौलांवरून घरंगळणारं काहीतरी, ही घुशीची लक्षणं नव्हेत. हा घरउंदीर. अंग सडपातळ, कान मोठे, शेपटी अंगापेक्षा लांब. त्याला नदीची गरज नाही. कौलांवर टेकलेली आंब्याची फांदी, माडाचं चुडत किंवा खांबावरून घरात येणारी विजेची तार त्याला पुरते. जुलैत पाणी ओसरलं म्हणून तो जाणार नाही.

म्हणून आधी पाहुणा कोण आहे ते ओळखा. संध्याकाळी माळ्याच्या शिडीपाशी, स्वयंपाकघरातल्या भिंतीलगत आणि तुमच्या बाजूच्या त्या बंद दाराच्या उंबऱ्यावर रांगोळीची पूड पातळ पसरा. पीठ नको, ते खायला येतील. सकाळी पावलं दिसतील आणि शेपटीची रेघही. लेंड्या पाहा. तांदळाच्या दाण्याहून लहान असतील तर पिटुकले उंदीर. अर्ध्या इंचाच्या आसपास, दोन्ही टोकांना निमुळत्या असतील तर घरउंदीर. चिमट्यात धरून दाबल्यावर भुगा होऊन त्यात किड्यांच्या पंखांची चमक दिसली तर ती वटवाघळं, त्यांना सुखाने राहू द्या. (हे काम हातमोजे घालूनच.) भिंतीच्या कडेने चिकचिक करत जाणारी, उग्र वासाची चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. ती झुरळं खाते, आणि पुष्कळ घरांत उगाच मारली जाते. आणि कौलांवर धप्प आवाज येत असेल, माळ्यावर फळांच्या बिया भरलेली विष्ठा सापडत असेल, तर तो काटांदोर असू शकतो. त्या उदमांजराला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्याला पकडायचं नाही. त्याची वाट बंद करायची, एवढंच.

आता विषाबद्दल. ताई, तुम्ही वड्या टाकल्या म्हणून तुम्हाला दोष देणार नाही. दुकानात सहज मिळतात आणि दुकानदार सांगतो, "उंदीर खाऊन बाहेर पाण्याला जातो आणि तिथेच मरतो." हे ऐकून कित्येक घरांनी छतात वास भोगला आहे. ते खरं नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. उंदीर खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही, चार-पाच दिवसांनी अशक्त होऊन मरतो, आणि अशक्त झालेलं जनावर आपल्या घरट्यातच जाऊन पडतं. तुमच्या बाबतीत ते घरटं छतात होतं. मधल्या दिवसांत तो मंद होतो, उघड्यावर दिसतो, आणि मांजराच्या, धामणीच्या, गव्हाणी घुबडाच्या तोंडी लागतो. ज्यांनी उंदीर खायचे तेच त्या विषाने आजारी पडतात. माळ्याच्या कोपऱ्यात घुबडाची जोडी असेल तर ती अशुभ म्हणून हाकलू नका. पिल्लं असताना ती रात्रीत कितीतरी उंदीर नेते.

काळ्या पुडीचं झिंक फॉस्फाइड आणि ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका. दोन्हींवर उतारा नाही. फॉस्फरसने यकृत निकामी होतं, आणि तेही सुरुवातीला बरं वाटल्यानंतर. शाळकरी मूल असलेल्या घरात ही जोखीम घ्यायची नाही. कुणी चुकून कुठलंही विष खाल्लं तर उलटी करवत बसू नका. पाकीट हातात घ्या आणि 108 ला फोन करा. डॉक्टरांना पाकिटावरचं नाव कळलं की पुढचे उपचार लवकर ठरतात. रक्त पातळ करणाऱ्या वड्यांवर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण तो डॉक्टरांनी द्यायचा असतो.

चिकट फळ्यांच्या मी पूर्ण विरोधात आहे. त्यावर अडकलेला उंदीर तासन् तास तडफडतो, भीतीने लघवी करतो, आणि ज्या लघवीची तुम्हाला धास्ती आहे ती जास्तच पसरते. आवाजाची यंत्रं काही दिवसांत उंदरांच्या सवयीची होतात. डांबरगोळ्यांचा वास उंदरांपेक्षा तुमच्या मुलालाच जास्त बाधेल. मांजर पाळल्याने पिटुकले उंदीर आणि पिल्लं कमी होतात, पण पुऱ्या वाढलेल्या घुशीला ते हात लावत नाही.

सासूबाईंकडे येते, कारण पत्रात तुम्ही त्यांना अडचण म्हणून मांडलं आहे. मला त्यांच्या म्हणण्यात अडचण दिसत नाही. "मारू नका" यातून त्या तुम्हाला नकळत योग्य क्रम सांगत आहेत. आधी खाणं बंद, मग वाट बंद, आणि त्यानंतरही जे आत राहतील त्यांचा विचार सर्वांत शेवटी. बहुतेक घरं हा क्रम उलटा करतात. पहिल्या दिवशी विष घालतात. मेलेल्यांची जागा महिन्याभरात बाहेरचे घेतात, कारण दार आणि ताट दोन्ही तसंच असतं. सासूबाईंना एवढंच सांगा की चवथ होईपर्यंत घरात एकही उंदीर मारला जाणार नाही, पण त्यांच्या मदतीने घर आवरायचं आहे. या घरात कुठल्या भिंतीत कधी भोक होतं, कुठे गिलावा पडून पुन्हा केला, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

पिंजऱ्यात धरून नदीपलीकडे सोडणं हा मधला मार्ग वाटतो. पण तो उंदीर एकतर परत येतो, नाहीतर दुसऱ्याच्या कणगीत जातो, किंवा अनोळखी जागी उपाशी मरतो. पिंजरा नदीत बुडवणं तर कुणीच करू नये. चवथीनंतर आत राहिलेल्यांसाठी मी चांगला, जोरकस चाप वापरायला सांगेन, कारण तो क्षणात काम संपवतो. हे सासूबाईंशी बोलून, त्यांना कळू न देता नव्हे.

खाणं बंद करायचं तर पुरुमेंतापासून सुरुवात करा. पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं सुकं खोबरं, सुकी मासळी, काजूच्या बिया, चिंच, तांदूळ हे सगळं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत गेलं पाहिजे. प्लास्टिकचं पिंप उंदीर एका रात्रीत कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्याला कुरतडावंच लागतं. माळ्यावरचे नारळ खाली आणा. कुत्र्याचं ताट रात्री उचला. न्हाणीतला साबण, देवघरातल्या वाती, नैवेद्याचा उरलेला कण, हे सगळं झाकून ठेवा. कोंबड्यांचं खाद्य रात्री उघडं राहू देऊ नका. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या चौकटीची फळं टांगाल तेव्हा चौकटीच्या दोऱ्यांऐवजी तार वापरा, आणि प्रत्येक तारेत मधे पत्र्याची गोल चकती अडकवा. जुन्या घरांत शिंकाळ्यालाही अशी काही आडकाठी करत. विसर्जन झालं की माटोळी उतरवणं दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

वाटा बंद करणं हे खरं काम, आणि ते घाईत होत नाही. पेन्सिल शिरेल एवढ्या भोकातून पिटुकला उंदीर येतो, अंगठा शिरेल एवढ्यातून घरउंदीर. दिवसा माळ्यावर अंधार करून उभ्या राहा. जिथून उजेड आत येईल तिथून तोही येतो. चिऱ्यांची भिंत संपते आणि कौलांचा उतार सुरू होतो त्या सांध्यात वारा खेळायला फट ठेवलेली असते. ती सिमेंटने बुजवू नका. कौलारू छताला वारा लागतोच, नाहीतर वासे कुजतील. तिथे पाव इंची गॅल्वनाइज्ड जाळी खिळ्यांनी ताणून बसवा. भिंतीतल्या भोकांत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून चुन्याचा गिलावा करा. फोम आणि कापसाचे बोळे म्हणजे त्यांना घरट्यासाठी सामान देणं झालं. जुन्या चुन्याच्या भिंतीला नुसतं सिमेंट लावलं तर ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत ते पोपडे धरून सुटतं, मग भोक पुन्हा उघडं. लाकडी दारांच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी, मोरीच्या तोंडाला जाळी. फांद्या छपरापासून दीड-दोन मीटर लांब छाटा. माड तोडू नका. खोडाभोवती सहा-सात फुटांवर सव्वा फुटाचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला की उंदीर वर चढू शकत नाही, म्हणजे छपरावर उतरायची वाट गेली आणि अडसरंही (शहाळीही) वाचली. मात्र त्या माडाची चुडतं शेजारच्या झाडाला लागत असतील तर पत्र्याचा उपयोग नाही.

कौलं परतायचं काम एप्रिल-मेमध्ये करवून घ्याल तेव्हा जाळीचं कामही त्याच गड्यांकडून करून घ्या, शिडी आणि मजुरी एकदाच लागते. आत्ता पावसात छपराला हात लावू नका. पण विजेचं काम मेपर्यंत थांबणार नाही. माळ्यावरची कुरतडलेली वायर या आठवड्यात इलेक्ट्रिशियनला दाखवा, ती धातूच्या पाइपातून घ्या आणि मेन बोर्डावर ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते तपासून घ्या. कोरड्या लाकडाच्या छताखाली तुम्ही चौघं झोपता. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त भीती या वायरची वाटली.

चाप लावायची वेळ येईल तेव्हा एकदोन नको, सातआठ लावा. भिंतीला आडवे, तोंड भिंतीकडे करून, कारण उंदीर मिशा भिंतीला घासतच चालतो. नवी वस्तू दिसली की तो काही दिवस तिच्या जवळ जात नाही. म्हणून पहिले तीन-चार दिवस चाप न ताणता नुसता भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा ठेवा, खाऊ द्या. धीर चेपला की सगळे एकाच रात्री ताणा. मुलगा आणि जनावरं पोचणार नाहीत अशाच जागी. आत कुणी उरलं नाही याची रांगोळीने खात्री झाल्यावरच शेवटचं भोक बुजवा, नाहीतर आत अडकलेला उंदीर नवी भिंत कुरतडेल किंवा छतातच मरेल. मेलेला उंदीर हातमोज्यांनी उचलून खोल पुरा, नदीत टाकू नका.

लेप्टोबद्दल तुमची भीती रास्त आहे, पण ती नेमकी असायला हवी. हे जंतू उंदराच्या लघवीतून ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात जातात आणि त्वचेवरच्या जखमेतून, डोळ्यांतून शरीरात शिरतात. उंदीर दिसला म्हणून लेप्टो होत नाही. पुराच्या पाण्यातून, गटार तुंबलेल्या गल्लीतून अनवाणी चालल्याने, चिखलात काम करताना होण्याचा धोका जास्त असतो. मुलाला गमबूट द्या, पायावरच्या खरचटलेल्या जागा पट्टीने झाका. ताप बहुतेक वेळा पाण्यातून गेल्यावर 5 ते 14 दिवसांनी येतो, तोवर आपण ते पाणी विसरलेलो असतो. म्हणून ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर आरोग्य केंद्रात जाऊन "आम्ही अमुक दिवशी पाण्यातून गेलो होतो" हे स्वतःहून सांगा. उपचार लवकर सुरू झाले तर बरं होण्यासारखा आजार आहे. वाट पाहिली तर मूत्रपिंडं आणि यकृत धोक्यात येतात. गोळ्या मनाने घेऊ नका.

तुमच्या यजमानांच्या स्लॅबबद्दल फार लिहीत नाही. स्लॅबच्या घरात उंदीर ड्रेनेजच्या पाइपांतून आणि शाफ्टमधून येतात. घर मोडकळीस आलं असेल तर तो वेगळा विचार. पण उंदरांसाठी राजांगण गमावू नका. शिवाय घर वाटणी न झालेलं असेल तर चुलत दिरांच्या संमतीशिवाय छप्पर उतरवताही येणार नाही.

आणि इथे मी तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर सर्वांत जास्त वेळ अडकले तिच्यापाशी येते. निम्मं घर बंद असतं, हे तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात. उंदरीण तीन आठवड्यांत व्यायते, एका वेतात सहा-सात पिल्लं, आणि तीही तीन-चार महिन्यांत व्यायला लागतात. अशा जीवाला वर्षातले साडेतीनशे दिवस अंधाऱ्या, शांत, गाद्यांच्या कापसाने आणि जुन्या कपड्यांनी भरलेल्या खोल्या मिळाल्या आहेत. माळा मात्र दोन्ही घरांचा एकच. तुम्ही तुमची बाजू आरशासारखी ठेवलीत तरी रात्री ते इकडेच जेवायला येणार. गोव्यात अशी कितीतरी घरं आहेत, इन्व्हेंटरी (वारसांमधली कायदेशीर वाटणी) झालेली नाही, किल्ल्या मुंबईला, दुबईला, लिस्बनला. त्यांतल्या राहत्या माणसांना हे सांगायला संकोच वाटतो, कारण त्यांच्या दाराबद्दल बोललं की वाटणीचा विषय काढला असं वाटतं. तुमचाही तोच संकोच मला पत्रात दिसला.

तरी बोला. भाऊजी चवथीला येतीलच, पण तोवर थांबू नका. आजच फोन करा आणि तक्रार न करता वस्तुस्थिती सांगा, वायरचा फोटो पाठवा. "भाऊजी, माळ्यावरच्या वायरला आग लागली तर तुमच्या खोल्याही जातील. चवथीआधी दोन दिवस लवकर याल का, किंवा चावी कुणाबरोबर पाठवाल का? जुन्या गाद्या आणि कपडे तुम्हाला विचारूनच काढू. जाळीचा खर्च निम्मा-निम्मा करू, हिशेब लिहून ठेवते." एवढंच. वाटणीचा शब्द नको, मागच्या वर्षांचं काही नको. पुढे महिन्यातून एकदा त्या खोल्या उघडून वारा द्यायला एक चावी तुमच्याकडे ठेवायची विनंती करा. चवथीला सगळं घर एकत्र आलेलं असतं, तेव्हा दर माणशी थोडा निधी काढून मेमधल्या कौलांची सोय करून घ्या.

शेजाऱ्यांकडेही जा. मांजराबद्दल मनापासून वाईट वाटलं असं सांगा, कारणं देऊ नका, आणि यापुढे घरात वड्या येणार नाहीत असा शब्द द्या. उंदीर घराचा उंबरठा मानत नाही. तुमच्या आणि त्यांच्या घरामधलं गटार, मागचा कचऱ्याचा ढीग, पडकं गोठ्याचं छप्पर हे दोघांनी मिळूनच आवरावं लागेल. चारपाच घरांनी एकत्र पंचायतीकडे अर्ज दिला तर गटार उपसून घेणंही सोपं जातं. मी स्वतः एकदा एक कंपनी बोलावून, पैसे भरून निश्चिंत झाले होते. त्यांनी कुठे काय ठेवलं हे विचारलंही नाही, आणि पुढे गटाराच्या काठी शेजारच्या मुलांना उघड्या वड्या सापडल्या. मुलांनी त्या खाल्ल्या नाहीत, पण ती दुपार मी विसरले नाही. कुणाला बोलवाल तर औषधाचं नाव लिहून घ्या, आणि कुलूपबंद पेटीशिवाय काहीही ठेवू देऊ नका.

चावी आली की उत्साहाने झाडू घेऊन आत शिरू नका. आधी दारंखिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. मुलाला त्या दिवशी मामाकडे पाठवा. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, पायात बूट. लेंड्यांवर आणि घरट्यांवर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या आणि मग ओल्या फडक्याने उचला. सुकं झाडायचं नाही, धूळ उडता कामा नये. सासूबाईंना दाराबाहेर खुर्ची द्या आणि कुठल्या भिंतीत काय होतं ते तिथून सांगायला सांगा.